लहानपणीची स्वप्नं आणि ती पुरी करायला हात देणारी माणसं : स्वप्नील कुसळेच्या पदकावरून

राधानगरीकर

१ ऑगस्ट २०२४ ला फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर (नीलिंग), पालथं पडून (प्रोन) आणि उभं राहून (स्टँडिंग) नेम धरण्याच्या नेमबाजीत, कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं. स्वप्नील आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, आई तेव्हा गावच्या सरपंच. त्या दिवशी आमच्याकडे काय वातावरण होतं ते सांगायला नको. ज्यांनी जन्मात कधी नेमबाजी बघितली नव्हती तेही दशांशातले गुण मोजत बसले होते.

तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे, म्हणून हा धागा काढतोय. पोराचं कौतुक भरपूर झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं गेलं. दीपालीताई स्वतः ऑलिंपियन. २००४ ला अथेन्समध्ये त्या याच थ्री पोझिशन प्रकारात भारताकडून उतरल्या होत्या. पदक मिळालं नाही. पुढे त्या प्रशिक्षणात आल्या, ज्युनियर मुलामुलींना घडवत राहिल्या, आणि अथेन्सनंतर बरोबर २० वर्षांनी त्यांच्या शिष्याने त्याच प्रकारात देशाला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. स्वप्नील त्यांना दुसरी आई मानतो. २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला, त्याच वर्षी स्वप्नीलला अर्जुन.

आता या पोराची वाट बघा. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथं सुरुवातीचं प्रशिक्षण झाल्यावर एक खेळ निवडायचा होता, त्याने नेमबाजी निवडली. ज्युनियर गटात २०१५ ला आशियाई सुवर्ण. त्याच वर्षी रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. टोकियोची संधी हुकली. २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला, पण देशासाठी पॅरिसचा कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधली एक जागा, घेऊन आला. २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत चक्क आघाडीवर होता, आणि स्टँडिंगमध्ये एका गोळीला, दहाच्या आसपास हवे असताना, ७.६ आले. पुन्हा चौथा. सांघिक सुवर्ण गळ्यात होतं खरं, पण ती एक गोळी कुणाच्याही डोक्यातून सहजासहजी जात नसते.

माझा मुद्दा इथं आहे. हांगझोनंतर दहा महिन्यांत हाच मुलगा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा राहिला. नीलिंग संपल्यावर सहावा, प्रोननंतर पाचवा, आणि सगळ्यात अवघड अशा स्टँडिंगमध्ये, जिथं हांगझोला घात झाला होता तिथंच, वर सरकत तिसरा. ४५१.४ गुण. चौथ्या नंबरावरून परतलेल्या खेळाडूला पुन्हा त्याच पोझिशनमध्ये निर्धास्त उभं करणं हे काम कुठल्याही गुणफलकावर दिसत नाही. ते काम करायला तिथं स्वतः उभं राहून आलेलं माणूस लागतं, असं मला वाटतं.

तर आपल्या माहितीतली अशी उदाहरणं लिहा. स्वप्न पुरं झालेल्यांची हवीतच, पण त्यांना हात देणाऱ्यांचीही हवीत. कुणी, कधी, नेमकं काय केलं हे लिहिलंत तर फार बरं.

पनवेलची मंजिरी

उत्तम धागा. लगेच आठवल्या त्या सुमा शिरूर. अथेन्स २००४ च्या त्याच भारतीय चमूत त्याही होत्या, १० मीटर एअर रायफलमध्ये अंतिम फेरी गाठून आठव्या आल्या. त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० मारले होते. म्हणजे कर्तृत्वात काही कमी नव्हतं, ऑलिंपिकचं पदक तेवढं राहिलं.

त्यांनी आमच्या पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. जयपूरची अवनी लेखरा त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. लहानपणी अपघातात मणक्याला मार बसून व्हीलचेअरवर आलेली ही मुलगी टोकियोत पॅरालिंपिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली, आणि पॅरिसला तेच सुवर्ण तिने राखलं. टोकियोत २४९.६ गुण, पॅरिसला २४९.७.

म्हणजे बघा, अथेन्सच्या एका चमूतल्या दोन बायका. दोघींना पदक नाही. आणि दोघींच्याही शिष्यांनी पॅरिसमध्ये पदकं मिळवली. सुमाताईंना २०२२ चा द्रोणाचार्य मिळाला. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एकीलाही हे माहीत नव्हतं, ती सगळी मुलं पनवेलची असून.

भवानी मंडप

राधानगरीकर, कोल्हापूरचं नाव निघालं आणि तेजस्विनी सावंत राहिली असं कसं चालेल? २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेती. नेमबाजीत जगज्जेती झालेली पहिली भारतीय महिला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिचे वडील गेले होते. एवढं होऊनही बीजिंग, लंडन, रिओ या तिन्ही ऑलिंपिकची दारं बंद. तिसऱ्यांदा हुकल्यावर लोक म्हणायला लागले की आता बास. ती थांबली नाही. २०१९ ला दोह्यात थ्री पोझिशनमध्ये कोटा मिळवला आणि चाळिशीत टोकियोला पहिलं ऑलिंपिक खेळली. तिथं अंतिम फेरी नाही गाठता आली. पण ज्या मुलीने लहानपणी कोल्हापुरात रायफल उचलताना ऑलिंपिक मनात धरलं, ती ऑलिंपिकच्या रेंजवर उभी राहिलीच की.

आणि तिला सुरुवातीला शिकवणारे जयसिंग कुसळे सर. हे नाव आजच्या पोरांना ठाऊक नाही. कोल्हापुरात नेमबाजी रुजली त्यात अशा माणसांचा वाटा फार मोठा आहे. राही सरनोबतही कोल्हापूरचीच, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण. एका गावातून एवढे नेमबाज उगाच नाही येत. एक पुढं गेला की मागच्याला कळतं, जमतंय.

कृष्णाकाठ

७२ वर्षांचा हिशेब निघालाच आहे तर कऱ्हाडकडची बाजू सांगतो.

खाशाबा दादासाहेब जाधव, गोळेश्वरचे. घरात कुस्ती होतीच. १९४८ ला लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तोवर कुस्ती मातीतली, मॅटची सवय नाही, आणि ऑलिंपिकचे नियम नवे. तरी फ्लायवेटमध्ये सहावे आले.

हेलसिंकीच्या वेळी म्हणजे १९५२ ला पैसे जमेनात. गावोगाव वर्गणी काढली, सरकारदरबारी हेलपाटे घातले, तरी कमी पडत होते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे करून दिले. १९५२ चे ७,००० रुपये! आणि कशासाठी? एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी. मिळण्याची खात्री काहीच नाही. पोरगा हरून आला असता तर घर गेलं असतं.

खाशाबा बँटमवेटमध्ये कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वागताला शंभरावर बैलगाड्या निघाल्या, हे आमच्याकडे अजूनही सांगतात. पण मला जास्त भावतं ते पुढचं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. सत्काराच्या हारातच अडकून राहिले नाहीत.

पुढे पोलीस खात्यात गेले, १९८४ ला अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून खाशाबांचा फोटो लावतात, त्याच्या शेजारी खर्डेकर सरांचं नावही घ्यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अवंती

सगळे प्रतिसाद वाचले, माहितीबद्दल आभार. पण एक वेगळा सूर लावते, राग मानू नका.

मी पुण्यात राहते, मुलगा दहा वर्षांचा. आजूबाजूला जे बघते त्याने 'लहानपणीचं स्वप्न' हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. पहाटे पाचला अकादमी, मग शाळा, मग पुन्हा अकादमी. मुलाला विचारलं तर तो आईकडे बघतो. स्वप्न मुलाचं असतं की बाबांचं, हे ओळखू येत नाही इतकी सरमिसळ झालेली असते. मूळ धाग्यात म्हटलंय की स्वतःचं पदक राहिलेल्या व्यक्तीने शिष्याकडून ते पुरं करून घेतलं. इथे ते सुंदर झालं. पण हेच वाक्य घराघरात फार वाईट रीतीने खरं होतंय. आपलं राहिलं म्हणून मुलाच्या खांद्यावर टाकायचं, आणि त्याला 'हात देणं' म्हणायचं.

हात देणं आणि ढकलणं यात फरक कसा करायचा? हे कुणी सांगू शकलं तर मला खरंच हवं आहे.

राधानगरीकर

अवंतीताई, राग कसला. तुमचा प्रश्न या धाग्याच्या मुळाशीच आहे.

मला जेवढं समजतं ते सांगतो. स्वप्नीलच्या बाबतीत खेळ त्याने निवडला. वडिलांनी त्याला प्रबोधिनीत नेऊन सोडलं, पण रायफल हातात द्या असं ते म्हणाले नव्हते. निवड झाल्यावर मात्र ते मागं हटले नाहीत. गोळ्यांसाठी कर्ज काढलं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मुलाचं बोट कुठं वळतंय ते बघायचं आणि मग आपली ताकद लावायची. आपण उलटं करतो.

आणि दीपालीताईंनी 'पुरं करून घेतलं' असं मी लिहिलेलं नाही, तसं मला वाटतही नाही. एकदा ऑलिंपिक खेळून आलेल्या माणसाचा हिशेब त्याच्यापुरता मिटलेला असतो. बाप म्हणून ज्याला कधी मैदानावर उतरायलाच मिळालं नाही, त्याचा मिटलेला नसतो. म्हणून घरात जास्त जपायला लागतं, असं आपलं माझं मत.

बालाघाटी

अवंतीताईंच्या बोलण्याला दुसरी एक बाजू. सगळ्यांना लहानपणी स्वप्न पडतंच असं नाही. आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. लहानपणी शाळा सहा किलोमीटर लांब, एसटी नाही, म्हणून चालत नाहीतर पळत जायचा. ते काही ऑलिंपिकसाठी पळणं नव्हतं, शाळेची घंटा व्हायच्या आत पोचायचं होतं. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. सैन्याच्या क्रॉसकंट्रीत पळायला लागला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी हेरलं आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळवलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रीय विक्रम त्याने स्वतःच पुन्हा पुन्हा मोडला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळ देऊन रौप्य, केनियाच्या विजेत्याच्या फक्त ५ शतांश सेकंद मागे. पॅरिसला स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष.

सांगायचं काय, आमच्या दुष्काळी भागातल्या पोरांना स्वप्न बघायलासुद्धा काहीतरी आधी दिसावं लागतं. स्टीपलचेस नावाची शर्यत असते हे मांडव्यात कुणाला माहीत होतं? ज्याने त्याच्यातला धावपटू ओळखला आणि त्याला ती शर्यत दाखवली, त्याने स्वप्नच दिलं. मदत करणाऱ्यांत याही माणसांना मोजा. आता आष्टीत सकाळी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं दिसतात. त्यांना लहानपणीच स्वप्न आहे.

अवंती

बालाघाटी, हे पटलं. 'आधी दिसावं लागतं' हे अगदी पटलं. मुलाला निवडायला लावण्याआधी त्याच्यासमोर चार गोष्टी मांडायला हव्यात, मी हा विचार असा केला नव्हता. तरी माझी काळजी पूर्ण गेलेली नाही, ती राहू दे.

नेकारकाठी

मी गेली काही वर्षं जर्मनीत हायडेलबर्गजवळ राहतो, म्हणून हे लिहायला हवं. १९७२ चं पॅरालिंपिक इथे हायडेलबर्गला झालं. म्युनिकच्या ऑलिंपिकची चर्चा अजून होते, याची फारशी होत नाही. त्या स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकलं ते मुरलीकांत पेटकरांनी. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण.

लहानपणी त्यांना पैलवान व्हायचं होतं. सैन्यात गेल्यावर बॉक्सिंग. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखाली अधू झाले. पोहणं सुरू झालं ते उपचाराचा भाग म्हणून. म्हणजे लहानपणी जे ठरवलं होतं ते शब्दशः काहीच राहिलं नव्हतं. ना माती, ना हातमोजे, ना पाय. फक्त जिंकायचं तेवढं राहिलं होतं. त्यांना परदेशी जायला पैशाचं पाठबळ मिळालं ते माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांच्याकडून. क्रिकेटच्या माणसाने पोहणाऱ्या जवानाला हात दिला.

२०१८ ला पद्मश्री आणि २०२४ चा जीवनगौरव अर्जुन पुरस्कार. ५० वर्षं उशिरा, पण त्यांच्या डोळ्यांदेखत मिळाला याचं समाधान वाटतं. आमच्या इथल्या मराठी मंडळात मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलाने विचारलं, 'आपल्याच गावात? ते इथेच पोहले?' त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघून मी ठरवलं, दर वर्षी सांगायची.

सायली_रंकाळा

मी शूटर होते. राज्य स्तरापर्यंत खेळले, पुढे जमलं नाही. सध्या एका शाळेत १० मीटर एअर रायफलच्या मुलींना शिकवते. या धाग्यावर बरीच नावं आणि आकडे आले, पण रेंजवर हे नेमकं कसं दिसतं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं लिहिते.

थ्री पोझिशनमध्ये नीलिंग, प्रोन, स्टँडिंग हा क्रम. म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून. लक्ष्य ५० मीटरवर, दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढं म्हणा. पात्रता फेरीत ६० गोळ्या. स्वप्नीलने तिथं ५९० मारले होते आणि सातवा आला होता, आठच जण पुढं जातात.

नीलिंग बघणाऱ्याला आरामाचं वाटतं. उजव्या पायाच्या घोट्याखाली एक गोल उशी असते, तिला आम्ही रोल म्हणतो. त्यावर पाऊल टेकवून टाचेवर बसायचं, डावं कोपर डाव्या गुडघ्यावर. दंडाला पट्टा इतका घट्ट आवळलेला असतो की हाताचे ठोके रायफलमध्ये उतरतात. आठ किलोपर्यंतची रायफल, वर कडक कॅनव्हासचं जॅकेट. थोड्या वेळाने उजवा पाय आहे की नाही तेच कळेनासं होतं. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत ट्रिगर सुटला पाहिजे. हे शंभर वेळा जमतं, एकशे एकाव्या वेळी ठोका आडवा येतो.

आणि सराव म्हणजे सारख्या गोळ्या उडवणं नव्हे. बराचसा सराव 'ड्राय' असतो. रायफल रिकामी, नुसतं होल्ड करायचं म्हणजे नेम धरून स्थिर राहायचं, ट्रिगर दाबायचा, टिक असा आवाज येतो, आणि त्या क्षणी नळी कुठं होती ते स्वतःशी प्रामाणिकपणे सांगायचं. लहान मुलींना याचा कंटाळा येतो. त्यांना ठो असा आवाज हवा असतो. चांगला कोच त्या वेळी मागं उभा असतो आणि लक्ष्याकडं बघतच नाही. पावलं बघतो, खांदा बघतो, श्वास बघतो. गोळी कुठं गेली ते मशीन सांगतं. ती तिथं का गेली ते फक्त मागं उभ्या असलेल्या माणसाला सांगता येतं. राधानगरीकर, तुम्ही जे म्हणालात ना, गुणफलकावर न दिसणारं काम, ते हे.

मी सोडलं ते पैशामुळं. पॉइंट टूटूची (.२२ बोअरच्या रायफलची) प्रत्येक गोळी विकत घ्यायची, त्याच्या आधी शस्त्रपरवाना, जॅकेट परदेशी. घरात भाऊ इंजिनिअरिंगला होता. बाबांनी कधी नाही म्हटलं नाही, मला हिशेब दिसत होता. त्या काळात कुणी एक जुनं जॅकेट दिलं असतं तरी मी दोन वर्षं जास्त खेळले असते. म्हणून आता माझ्याकडच्या मुलींची किट मी एकीची दुसरीला फिरवते. मुली वाढतात, जॅकेट लहान होतं, आणि ते कपाटात पडून राहतं. हे मला बघवत नाही.

कारगणीचा पाहुणा

सायलीताई, वाचून गलबललं.

माझ्या आजोळच्या भागातलं एक उदाहरण देतो. आटपाडी तालुक्यातल्या कारगणीचे सचिन खिलारी. शाळेत असताना सायकलवरून पडून डाव्या हाताला इजा झाली, ती वाढत जाऊन हात अधू राहिला. इंजिनिअर झाले, मग पॅरा गोळाफेकीत आले. २०२३ आणि २०२४ ला सलग जागतिक सुवर्ण, पॅरिस पॅरालिंपिकला १६.३२ मीटरची फेक करून रौप्य. आणि हे सगळं चालू असताना ते स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवत होते. आपल्याकडं आधी स्वतःचं होऊ दे, मग दुसऱ्याचं बघू, अशी रीत असते. इथं दोन्ही बरोबरच चाललं होतं.

भुदरगडचे गुरुजी

नमस्कार. मी डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. धागा पहिल्यापासून वाचतोय. स्वप्नीलच्या पदकानंतर आमची पोरं काठ्या खांद्याला लावून अंगणात उभी राहत होती. सहावीतल्या एका मुलीने तर भिंतीवर कोळशाने गोल काढून मधे टिंब दिलं होतं. मी ते पुसू दिलं नाही.

सायलीताई, मला भाषणाचं नको, कामाचं सांगा. आमच्याकडं एक जुनी लांब वर्गखोली रिकामी आहे. तिथं १० मीटरची एक लाइन उभी राहू शकते का? काय काय लागेल? परवाना लागतो का? आणि शाळेत हे सुरक्षित राहील का? पालक पहिला प्रश्न हाच विचारणार.

सायली_रंकाळा

गुरुजी, नक्की होऊ शकते. खोलीची लांबी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, १० मीटरच्या मागं उभं राहायला आणि पुढं लक्ष्याच्या मागं भक्कम आडोसा करायला जागा सुटली पाहिजे. एअर रायफल ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याची असते. नियमात बसणाऱ्या कमी ताकदीच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, पण तुम्ही शिक्षणाधिकारी आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवून ठेवा. जिल्हा संघटनेच्या माणसाला एकदा खोली दाखवा. हे टाळू नका.

लक्ष्याच्या मागं लोखंडी पत्रा तिरका, त्याखाली छरे गोळा व्हायला पेटी. छरे शिशाचे असतात, मुलांनी सराव झाल्यावर हात साबणाने धुवायचेच, आणि खोलीत खाणं नाही. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य महाग पडतं, सुरुवातीला कागदी कार्ड आणि दोरीची कप्पी पुरते. आम्ही कप्पीवरच शिकलो. उजेड लक्ष्यावर सारखा पडला पाहिजे. खिडकी बाजूला असेल तर पडदा लावा.

रायफल शिकण्यापुरती भारतीय बनावटीची काही हजारांत मिळते. स्पर्धेची परदेशी लाखाच्या वर जाते, तिचा विचार आत्ता करू नका. सुरक्षेचा नियम एकच आहे पण तो मोडला तर लाइन त्याच दिवशी बंद: नळी कायम लक्ष्याकडं, आणि कुणी पुढं गेलं असेल तर रायफल टेबलावर, रिकामी, हात लांब. पहिले काही आठवडे छराच देऊ नका. नुसतं उभं राहणं आणि ड्राय. ज्या मुलीने भिंतीवर गोल काढलाय, तिला तिथूनच सुरू करायला सांगा. भिंतीवरच्या टिंबावर होल्ड करणं हा आम्हीसुद्धा रोज करतो तो व्यायाम आहे.

भवानी मंडप

सायलीताई, हे वेगळं काढून ठेवावं असं लिहिलंय. गुरुजी, पत्रा आणि वेल्डिंग माझ्याकडं लागलं. शिरोलीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मापं द्या, पेटीसकट करून पाठवतो. पैसे विचारू नका.

पनवेलची मंजिरी

माझ्या मुलीच्या ओळखीत दोनतीन मुली आहेत ज्यांनी नेमबाजी सोडली किंवा ज्यांची किट लहान झाली. जॅकेट, हातमोजे, एकीकडे रोलही आहे. मी गोळा करते. पनवेलहून गुरुजींच्या भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीपर्यंत पोचवायची सोय कोण करेल?

कृष्णाकाठ

पनवेल ते कऱ्हाड माझा भाऊ दर पंधरवड्याला टेम्पो घेऊन येतो. कऱ्हाडपर्यंत आणायची जबाबदारी माझी. पुढचं कोल्हापूरकरांनी बघावं.

राधानगरीकर

कऱ्हाडहून पुढं मी आणतो. गारगोटीला माझं जाणं असतंच.

मी धागा काढला तेव्हा उदाहरणं गोळा होतील एवढंच मनात होतं. खर्डेकर सरांचं घर, मर्चंट यांची मदत, अमरीश कुमार यांची पारख, हे वाचताना एक जाणवलं ते लिहून ठेवतो. यातल्या कुणीही 'शुभेच्छा' देऊन सोडून दिलेलं नाही. कुणी पैसा दिला, कुणी वर्षं दिली, कुणी रस्ता दाखवला. मंडळींनी इथंही तेच चालवलंय.

मंजिरीताई, किट पाठवताना प्रत्येक जॅकेटची छाती आणि बाहीची लांबी कागदावर लिहून आत ठेवा. सायलीताई, तुम्ही ठरवा कुठल्या मापाचं कुणाला चालेल. गुरुजी, मुलींची मापं पाठवा, उंचीसकट, आणि कुणी डावखुरी असेल तर ते आवर्जून लिहा.

भुदरगडचे गुरुजी

मापं सोमवारी घेतो. डावखुरी एक आहे, तीच ती भिंतीवर गोल काढणारी. डाव्या हाताची रायफल वेगळी लागते का?

सायली_रंकाळा

स्पर्धेच्या पातळीवर हो, मूठ आणि गालाचा आधार डाव्या बाजूचा लागतो. शिकायला साधी चालेल. पण गुरुजी, आधी तिचा डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांची छोटी खिडकी करायला सांगा, त्यातून लांबची एक वस्तू बघू दे, मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर दिसते तो तिचा मुख्य डोळा. लिहायचा हात डावा आणि डोळा उजवा असं पुष्कळदा असतं. डोळा डावा निघाला तर मला कळवा, माझ्याकडं एक डाव्या मुठीची जुनी रायफल आहे, तिचं स्प्रिंग बदलून घेते.